धनीबाईचा जबाब

"बेटा, धनीबाई के हाथ देख एक बार. वैशाख में कोई पूरी बाही का पोलका पहनता क्या?"

शेजारच्या बिस्मिल्लाबीनं अंजूला हे सांगितलं ते दोन घरांमधल्या ठेंगण्या भिंतीवरून, गहू पाखडायचं सूप हातात धरून. अंजू तेव्हा अडीच वर्षांच्या सोनूमागं वरणभाताचा घास घेऊन अंगणभर फिरत होती. तो घास तिनं पोरीच्या तोंडात कोंबला आणि खालाकडं डोळे वटारून पाहिलं.

"खाला, साहेबांचं घर आहे ते. असलं काही मनात तरी आणू नका."

"मैं साहब का कुछ बोली क्या? मैं हाथ देखने को बोली."

"घामोळं आलं असेल याडीला. झाकत असेल."

"हां. घामोळं." खालानं सूप दोनदा जोरात आपटलं आणि ती आत निघून गेली.

याडी म्हणजे आई. अंजू तांड्यावरची, बंजाऱ्यांची गोर बोली बोलत वाढलेली. पलीकडच्या घरातल्या धनीबाईला, साहेबांच्या बायकोला, ती पहिल्या दिवसापासून याडीच म्हणायची. खरं तर या गल्लीत अंजूच्या नजरेतून काही सुटत नसे. कुणाच्या टाकीचं झाकण उघडं आहे, कुणाचं कुत्रं पिसाळल्यासारखं करतंय, गॅसचा वास कुठून येतोय, सगळं तिला आधी कळायचं. पोर झाल्यापासून तर रात्री उठून सोनूचा श्वास चालू आहे ना हे बघायची तिला सवयच लागली होती. एवढी डोळ्यांत तेल घालून राहणारी बाई, आणि शेजारच्या लांब बाह्यांना तिनं घामोळं ठरवून टाकलं. कारण ते घर साहेबांचं होतं.

दारव्ह्यात साहेब पुष्कळ, पण नुसतं 'साहेब' म्हटलं की निवृत्त ठाणेदार खेमसिंग आडे. तांड्यावर जन्मलेला माणूस. शिपाई म्हणून पोलिसांत लागला, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाला, ठाणेदार झाला, आणि याच गावच्या ठाण्यातून निवृत्त झाला. झरी जामणीला होते तेव्हा कोलामांच्या पोडावर, त्यांच्या वस्तीत जाऊन बसायचे. कोलामी त्यांना चार वाक्यांपलीकडं आली नाही, पण त्यांतली दोन वाक्यं 'बसा' आणि 'घाबरू नका' ही होती. त्या काळात ठाण्याची पायरी न चढणारी माणसं त्यांच्यापाशी येऊन बोलायला लागली.

आणि त्यांची पाण्याची रीत तर जिल्हाभर ठाऊक. गस्तीवर निघालेल्या शिपायाला ते बजावून सांगायचे, "दारात उभं राहून 'सगळं ठीक हाय का' असं विचारायचं नाही. वर्दीले कोनी नाही म्हनत नसते. पानी मागायचं. पानी आनाले मानूस उठते, चालते, हात पुढं करते. मंग तुमचं तुम्हीच पाहा काय ठीक हाय अन् काय नाही." स्वतःही तेच करायचे. महारवाडा म्हणू नका, मोहल्ला म्हणू नका, पोड म्हणू नका, ज्या घरी गेले त्या घरचं पाणी प्यायले. घाटंजीला एका घरी दर वेळी सासूच पाण्याचा गडवा घेऊन यायची. एक दिवस साहेब म्हणाले, "मावशी, आज सुनबाईच्या हातचं पानी पाह्यजे." सासू सबबी सांगत राहिली, साहेब ओट्यावर बसून राहिले. शेवटी मागच्या खोलीची कडी निघाली. आत सून होती. जगली ती. आज दोन लेकरांची आई आहे, आणि दर दिवाळीला साहेबांना भेटायला येते.

अंजूचं शिक्षणही साहेबांचंच देणं. ती अकरावीला होती, तांड्यावरून काळी-पिवळी जीपनं दारव्ह्याला यायची. जीपमधली तीन-चार टगी पोरं मुलींच्या अंगावर रेलायची, जीपवाला हसायचा. घरोघरी बाप म्हणायला लागले, बस झालं आता कॉलेज. मग एका सकाळी डोक्याला पटका बांधलेला, मांडीवर गवारीच्या शेंगांची पिशवी घेतलेला एक म्हातारा मागच्या बाकावर दिसू लागला. रोज यायचा, झोपल्यासारखा बसायचा. आठवडी बाजाराच्या दिवशी त्यानं रेलणाऱ्या पोराच्या हातात ती पिशवी दिली आणि म्हणाला, "धर. ठाण्यात जाऊ, मोकळी करू." तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं की हे ठाणेदारसाहेब आहेत. त्या जीपमधल्या सगळ्या मुली बी.ए. झाल्या. अंजू मराठीत एम.ए. झाली.

अशा माणसाचं घर ते. त्याच्याबद्दल खालानं एक शब्द काढला आणि अंजूनं तो भिंतीपलीकडं ढकलून दिला.

पुढं पावसाळा संपत आला तेव्हा भारत पवार तिच्या दारात आला. भारत म्हणजे कंत्राटदार, शिवाय गावात जेवढ्या म्हणून समित्या आहेत त्या सगळ्यांचा अध्यक्ष. साहेबांच्या नावानं गरीब पोरांसाठी पोलीसभरतीचा मोफत वर्ग निघणार होता, आणि उद्घाटनालाच साहेबांचा नागरी सत्कार. मंगल कार्यालय, बँड, गौरव अंक, मोठे पाहुणे.

"मॅडम, मानपत्र तुम्ही लिवायचं," भारत म्हणाला. "असं लिवा का लोकाईच्या अंगावर काटा आला पाह्यजे. सिंहाची छाती, गरुडाची नजर, असं काहीबाही टाका."

"साहेबांना विचारून लिहिते. जुन्या गोष्टी त्यांच्याच तोंडून ऐकते."

"त्याईले कायले तरास देता? मले इचारा ना, मी सांगतो."

पण अंजू दुसऱ्या दिवशी दुपारी सोनूला खालाजवळ सोडून साहेबांच्या फाटकाशी गेली. धनीबाई बाहेर आली, फाटक उघडलं नाही, वरून हात टेकून उभी राहिली. लांब बाह्या होत्याच. गेले कित्येक महिने ती सोनूलाही घेत नव्हती. 'आज नको बाई, आज कामं हायेत' म्हणून परतवायची. अंजूला ते मनातून लागलेलं होतं.

"सायेब आराम करून राह्यले," धनीबाई म्हणाली. "मानपत्र ना? लिव तू तुह्या मनानं."

अंजूला साहेबांची रीत आठवली. खरं सांगायचं तर गंमत म्हणूनच ती म्हणाली, "याडी, पाणी तरी दे. घसा सुकला."

धनीबाईनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते अंजूला तेव्हा उमगलं नाही. मग आतून खणखणीत आवाज आला, "कोण आहे? येऊ द्या आत."

साहेब खुर्चीत ताठ बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मिशा कोरलेल्या. अंजूनं घाटंजीची गोष्ट काढली आणि साहेब असे रंगात आले की तिच्या पेनाला उसंत मिळेना. त्या घराची दिशा, ओट्यावरची तुळस, सासूच्या नाकातली नथ, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं होतं. मध्येच त्यांनी विचारलं, "तू कुणाची गं पोरगी?" तिनं सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचं पेन थांबलं.

धनीबाई पाण्याचा गडवा घेऊन आली. साहेब झटक्यात उठले. त्यांनी तिचं मनगट धरलं, असं, की ते हलणारच नाही. जन्मभर चोरांची मनगटं धरलेला हात तो. गडवा फरशीवर पडला.

"ही बाई कोण आहे? रोज घरात शिरते."

अंजू किंचाळणार होती. धनीबाई मात्र किंचाळली नाही. तिनं हात सोडवायचाही प्रयत्न केला नाही. खाली मान घालून, शांतपणानं ती म्हणाली, "सायेब, मी हजर हाय. जबाब घ्या माहा."

साहेब थबकले. पकड सैल झाली. ते खुर्चीत बसले, समोर कागद असल्यासारखा हात पुढं घेतला.

"नाव?"

"धनीबाई."

"नवऱ्याचं नाव?"

"खेमसिंग आडे."

"काय करतो?"

"पोलिसात हाय, सायेब."

"मग इथं काय काम?"

"चुकून आली, सायेब. जाऊ का?"

"जा. पुन्हा अशी फिरू नको." आणि साहेब अंजूकडं वळून, जणू काहीच झालं नाही अशा प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "हां, तर मी काय सांगत होतो?"

स्वयंपाकघरात धनीबाईनं बाही वर केली. जुने निळे वळ, त्यावर नवे तांबडे. 

"सायेबाले दोष देजो नको," धनीबाई म्हणाली. "त्याईनं जिंदगीत माह्यावर हात उगारला नाही. हे त्ये नाहीत. दीड वरीस झालं, यवतमाळच्या डाक्टरनं सांगतलं, डोक्याची बिमारी हाय, वाढत जाईन. गोळ्या चालू हायेत."

"कुणाला सांगितलं का नाहीस, याडी? मला तरी!"

"कोनाले सांगू? ज्याले सांगाले जावं तो फाटकातूनच सॅल्यूट मारते." ती हसली. "सकाळी दूधवाला येते, जय हिंद सायेब. पेपरवाला येते, जय हिंद सायेब. भाजीवाला गमतीनं म्हनते, सायेब, चोऱ्या लय वाढल्या, ध्यान ठेवा. झालं! सायेब ड्युटीवर चढले. मंग दिवस मावळला का घरातला चोर मीच." तिनं बाही खाली ओढली. "तुह्या पोरीले काहून घेत नाही म्हनून रुसली होती ना तू?"

अंजूनं तोंड फिरवलं.

कारण कळलं, पण अंजूचा राग गेला नाही, तो आता गावावर वळला. हा अख्खा गाव साहेबांचा मान ठेवतो म्हणजे काय करतो? फाटकाबाहेरून हात कपाळाला लावतो आणि निघून जातो. ज्या माणसानं जन्मभर शिकवलं की दारातून विचारू नका, आत जा, पाणी मागा, त्याच्याच घरात दीड वर्षात कुणी पाणी मागितलं नाही! मान ठेवता ठेवता या लोकांनी एका आजारी माणसाला रोज नव्यानं कामावर लावलं, आणि त्याच्या तावडीत त्याच्या बायकोला एकटं सोडलं. त्या लोकांत आपणही होतो, हे तर तिला आणखीच झोंबलं.

"भारतकडं गेलते मी," धनीबाई म्हणाली. "म्हनलं, बाबा, जत्रा नको. पाच मानसं घरी या, शाल द्या, चहा प्या. तर म्हनते कसा, वहिनी, सायेब तुमच्या एकटीचे नाहीत, अख्ख्या तालुक्याचे हायेत."

"मग?"

"मी म्हनलं, मंग तालुक्यानं रातपाळी वाटून घ्यावी. तर हसला. मले वाटते त्याले समजलंच नाही." मग तिनं अंजूचा हात धरला. "तू बोलजो नको कोठी. नाव कमवाले जिंदगी गेली या मानसाची. ठानेदार बायकोले मारते, असं कोनी म्हनलं तर मी काय सांगत फिरू? डाक्टरची चिठ्ठी गळ्यात बांधू?"

अंजूनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती तडक भारतच्या ऑफिसात गेली. तिथं साहेबांचा तरुणपणीचा वर्दीतला फोटो भिंतीएवढ्या फ्लेक्सवर छापून आला होता आणि भारत तो दोन पोरांकडून सरळ धरवून घेत होता.

"सत्कार घरी करा," अंजू म्हणाली. "साहेबांना गर्दी झेपणार नाही. ते आजारी आहेत."

"म्हातारपन हाय मॅडम. मानूस थोडंफार विसरते. माहा बाप चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते."

"चष्मा नाही विसरत ते. याडीला ओळखत नाहीत. तिच्या हातावर वळ आहेत."

भारतनं पोरांना बाहेर पाठवलं. दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला.

"हे माह्यापाशी बोलल्या ते बोलल्या. आता कोठी बोलू नका. लोक काय म्हनतीन? अंक छापाले गेला, पाहुने ठरले, मंडप ठरला. सायेबाले काय करायचं हाय? खुर्चीत बसायचं, हात जोडायचे. आमची पोरं आजूबाजूले राहतीन."

"आणि याडीचं काय?"

"वहिनीचा बी सत्कार हाय ना! साडीचोळी घेतली, भारीतली घेतली." मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तुम्ही मानपत्र लिवा. डाक्टरकी नका करू."

घरी शाम, तिचा नवरा, आपल्या कृषी केंद्राच्या दुकानातून दमून आलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुझं खरं आहे," म्हणाला. "पण दुकानाचं अर्धं गिऱ्हाईक भारतच्या ओळखीचं. आपल्याला इथंच राहायचं आहे. तू वाच आणि घरी ये."

"आणि त्या बाईचा हात मोडला म्हणजे?"

शामनं सोनूला मांडीवर घेतलं.

अंजूनं मानपत्र लिहिलं. सिंहाची छाती घातली नाही, गरुडाची नजर घातली नाही. घाटंजीची सून लिहिली, जीपमधली गवार लिहिली, पाणी मागायची रीत लिहिली. शेवटचा परिच्छेद मात्र जमेना. तो मोकळा ठेवूनच ती सत्काराला गेली.

मंगल कार्यालय खच्चून भरलं होतं. पंखे गरगरत होते, हवा कुठंच लागत नव्हती. साहेब कोट घालून मधल्या खुर्चीत, आणि लोकांची रांग. पाया पडायचं, फोटो काढायचा, टाचा जुळवून म्हणायचं, "जय हिंद साहेब!" प्रत्येक वेळी साहेबांचा हात कपाळाकडं जायचा, आणि प्रत्येक वेळी त्यांचे डोळे थोडे आणखी तेज व्हायचे. खाली कडेला उभी राहून अंजू ते बघत होती. धनीबाईनं आधी सांगून ठेवलं होतं की मला त्यांच्या शेजारी बसवा, हात हातात असला की ते शांत राहतात. पण ती खुर्ची पाहुण्यांना लागली. धनीबाईला बायकांत, तिसऱ्या ओळीत बसवलं. भारतच्या 'आजूबाजूच्या पोरां'पैकी एक सेल्फी काढत होता, बाकीचे जेवणाच्या मंडपात होते.

भारत माईकवर आला. "आजही साहेबांच्या नजरेतून चोर सुटत नाही! खरं का नाही?" लोक ओरडले, "खरं हाय!" आणि त्यानं साहेबांच्या हातात चांदीच्या मुठीची काठी दिली. बँडवाल्यांनी ढोल बडवला. साहेब काठी घेऊन उभे राहिले. सावध.

"आता साडीचोळीनं सत्कार, साहेबांच्या सावलीचा! सौभाग्यवती धनीबाई, या!"

ती मागच्या पायऱ्यांनी चढली. साहेबांच्या पाठीमागून. पदर डोक्यावर ओढून, हातात ओटीचा नारळ, मान खाली. साहेब गर्रकन वळले. नारळ घरंगळत गेला. एका हातात तिचं मनगट, दुसऱ्या हातात वर उचललेली काठी, आणि समोर चालू माईक.

"कोण तू? वर कशी आलीस?"

अंजू धावली. पण बायकांच्या गर्दीतून वाट मिळेपर्यंत धनीबाईचा आवाज सगळ्या कर्ण्यांतून गावभर गेला.

"सायेब, हजर हाय. जबाब घ्या माहा."

काठी खाली आली. "नाव?"

"धनीबाई."

"नवऱ्याचं नाव?"

"खेमसिंग आडे."

सभागृहात हशा पिकला. लोकांना वाटलं, म्हातारा-म्हातारीनं बसवलेली गंमत आहे. कुणी शिट्टी वाजवली. "वा साहेब! आता अटक करा वहिनीले!"

"काय करतो नवरा?"

"पोलिसात हाय, सायेब."

टाळ्या. पाहुणे रुमाल तोंडाला लावून हसत होते. भारत तर मांड्या थोपटत होता.

"तक्रार काय आहे?"

हा प्रश्न घरी साहेबांनी विचारला नव्हता. अंजू पायऱ्यांशी पोचली होती. तिला धनीबाईचा चेहरा दिसला. धनीबाईनं हसणाऱ्या त्या गर्दीकडं एकदा सबंध नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ती साहेबांकडं वळली.

"झोप नाही, सायेब," ती म्हणाली. "लय दिवसाची झोप नाही मले. अन् भेव लागते."

पुढच्या ओळींतलं हसू विझलं. मागं अजून टाळ्या चालू होत्या.

साहेबांनी मनगट सोडलं. काठी टेबलावर ठेवली. शेजारच्या खुर्चीतल्या पाहुण्यांकडं वळून त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की पाहुणे आपसूक उठलेच. "खुर्ची द्या बाईंना. पाणी आणा." आणि धनीबाईला स्वतः बसवून, तिच्यासमोर वाकून ते म्हणाले, "बसा. घाबरू नका. कुणाचं भय वाटतं ते सांगा. मी बंदोबस्त करतो."

धनीबाईनं पदर तोंडात कोंबला.

भारत माईकवर झेपावला. "वा! साहेबांचा विनोदी स्वभाव आजही तसाच..."

अंजूनं त्याच्या हातातून माईक घेतला. थांबणं आता तिच्याच्यानं होणार नव्हतं.

"हसू नका," ती म्हणाली. "ही गंमत नव्हती. साहेबांना आजार आहे. विसरण्याचा आजार. त्यात लाज कसली? साखरेची बीमारी झाली असती तर लपवली असती का आपण? ते या बाईला ओळखत नाहीत आणि चोर समजून धरतात, कारण आपण सगळे रोज फाटकातून सॅल्यूट मारून त्यांना कामावर लावतो. मीसुद्धा. ही बाई भारतभाऊंना सांगून आली होती, जत्रा नको म्हणून. कुणी ऐकलं नाही. आत्ता तिनं तुम्हा सगळ्यांसमोर तक्रार सांगितली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या! एवढ्या मोठ्या सभागृहात तिची तक्रार ऐकून घेतली ती एकाच माणसानं. ज्याला काही आठवत नाही त्यानं! मानपत्र लिहिलंय मी साहेबांचं. चांगलं लिहिलंय. पण ऐकायची आपली लायकी नाही आज. मी वाचणार नाही."

तिनं कागद घडी करून साहेबांच्या कोटाच्या खिशात ठेवला. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "कुणाची गं तू पोरगी?" त्यांनी मायेनं विचारलं.

"तांड्यावरची, साहेब. कॉलेजात जाते," अंजू म्हणाली.

त्या रात्री धनीबाई बिस्मिल्लाबीच्या घरी झोपली. साहेबांपाशी खालाचा लेक अन्सार बसला. गॅरेज बंद करून, अंगाला ग्रीसचा वास घेऊन आला तसाच. "जय हिंद बोलू नको त्यांना," अंजूनं बजावलं. "कायले बोलू?" तो म्हणाला. "मी कॅरम आनला." धनीबाई दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तरी उठली नाही. खाला मिनिटामिनिटाला आत डोकावून अंजूला भिंतीवरून खुणेनं सांगायची, सो रही है.

गावानं काय केलं म्हणाल, तर आधी अंजूलाच धुतलं. साहेबांची अब्रू चव्हाट्यावर मांडली. शिकलेल्या बाया अशाच. शामच्या दुकानातली दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली. शाम चार दिवस धुसफुसला, मग एका संध्याकाळी काही न बोलता साहेबांना फिरायला घेऊन गेला. गौरव अंक वाटला गेला, त्यात अंजूचं नाव नव्हतं. साहेबांच्या हाताखालचे दोन जुने जमादार मात्र घरी आले, वर्दीतल्या आठवणी न काढता त्यांच्याबरोबर शेंगा सोलत बसले, आणि जाताना त्यांनी आपापल्या पाळ्या ठरवून घेतल्या. भारतही आला एकदा, शाल घेऊन. फोटोवाला बरोबर होता. धनीबाईनं फोटोवाल्याला बाहेर ठेवलं आणि भारतला आत बसवून कणीक मळायला लावली. मळली त्यानं, वाईट मळली.

पाळ्या आता विस्कळीत व्हायला लागल्या आहेत. कुणाचं लग्न निघतं, कुणाची सोयाबीन काढायला येते. आजार वाढतोच आहे. साहेबांना घाटंजीची सून अजून आठवते, पण चमचा कसा धरायचा ते कधी कधी आठवत नाही. धनीबाईनं बाह्या आखूड केल्या. अंजूचा राग मात्र उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नाही. फाटकाशी कुणी टाचा जुळवताना दिसला की सोनूला कडेवर घेऊन ती अजून तरातरा बाहेर येते.

म्हणून, हे वाचणाऱ्या तुम्हाला तिचं एक सांगणं आहे. तुमच्या गल्लीतही असं एखादं घर असेल. गुरुजींचं असेल, डॉक्टरांचं असेल, जुन्या पुढाऱ्याचं असेल. ज्याच्या नावानं गाव हात जोडतं. त्यांना नमस्कार कराल तेव्हा कराल. त्यांच्याबरोबर त्या घरात दुसरं कोण राहतं, त्यांना उठवतं, जेवू घालतं, त्या माणसाला आज जाऊन बघा. फोन करू नका, फोनवर सगळेच बरे असतात. उंबऱ्याच्या आत जा. आणि ती बाई म्हणाली ना, "थांबा, त्यांना बोलावते," तर तिला थांबवा. म्हणा, बाई, मी तुमच्याकडेच आलोय.